नायकाचा सातबारा

इंद्रजाल कॉमिक्सचे अंक ज्यांनी शाळेच्या दप्तरात लपवून, मित्रांकडून उसने आणून आणि परत करण्याची टाळाटाळ करीत वाचले, त्या पिढीला भगवा कुर्ता आणि निळी जीन घालणारा बहादूर अजून स्मरत असेल. परंतु त्या बहादूरचे जनक आबिद सुरती हे मीरा रोडचे रहिवासी, आणि २००७ सालापासून दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन इमारतींची दारे ठोठावीत गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे व्रत त्यांनी चालविले, हे त्याच मीरा रोडच्या कितीतरी लोकांना ठाऊक नाही. नळ दुरुस्त करण्यात कमीपणा मुळीच नाही, उलट ज्या शहराने वर्षानुवर्षे पाण्यासाठी टँकरच्या वाटा पाहिल्या त्या शहरात हे मोठेच लोककार्य होय. तथापि नायक घरोघर पोचावा आणि त्याचा कर्ता शेजारच्या गल्लीत असूनही अनोळखी राहावा, ही अवस्था एकट्या बहादूरच्या वाट्याला आलेली नसून चित्रकथांच्या साऱ्या जगातच ती रूढ झाली आहे, आणि तिचे मूळ शोधू लागलो की आपण करारनाम्यांच्या बाडाशी येऊन थांबतो.

त्या बाडाविषयीचा हा संवाद. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक सेवानिवृत्त दुय्यम निबंधक राहतात, ज्यांची उभी हयात खरेदीखते, गहाणखते, हक्कसोडपत्रे आणि मुखत्यारपत्रे नोंदविण्यात गेली. आणि त्यांची भाची चित्रपट व मालिका काढणाऱ्या एका संस्थेत करारनामे लिहिण्याचे काम करते. दोघेही आपापल्या व्यवसायावर निष्ठा असलेली माणसे, म्हणून दोघांचे मत एकमेकांशी सहसा जुळत नाही. घरातल्या शाळकरी मुलाने एका रविवारी दुपारी विचारले, "स्पायडरमॅन नक्की कोणाचा?" आणि तेवढ्यावरून जे बोलणे निघाले ते मी जसे ऐकले तसे, माझी भर वेगळी ठेवून, येथे देत आहे.

भाची : उत्तर सरळ आहे, मामा, पण लांबलचक आहे. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी तो कागदावर आणला आणि तो मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचा झाला. १९८५ साली त्याच्यावर चित्रपट काढण्याचा हक्क मार्व्हलने कॅनन नावाच्या कंपनीला सव्वादोन लाख डॉलरांवर, मुदत घालून दिला. कॅनन डबघाईला आली, तेव्हा तो हक्क तिच्या एका चालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तिच्याकडून कॅरोल्कोकडे. मधल्या मध्ये दूरचित्रवाणीचा हक्क एकाकडे, घरगुती व्हिडिओचा दुसऱ्याकडे, असे तुकडे पडत गेले. पुढे कॅरोल्कोही बुडाली, आणि १९९६ च्या अखेरीस खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढे सगळे निस्तरून १९९९ साली हक्क सोनीच्या हाती आला, तोही असा की एमजीएम म्हणत होती स्पायडरमॅनवर आमचा दावा आहे आणि सोनी म्हणत होती जेम्स बाँडवर आमचा आहे. शेवटी दोघींनी एकमेकींवरचे दावे सोडून दिले. पहिला मोठा चित्रपट निघाला २००२ साली.

मामा : म्हणजे साटेलोटे! आणि १९८५ पासून १९९९ पर्यंत, चौदा वर्षे, मिळकत वादात पडून ओसाड. मी निबंधकाच्या खुर्चीत बसून हेच पाहत आलो, बाळ. सामाईक जमिनीवर एका हिस्सेदाराने झाड लावले की दुसरा त्याची सावली मोजायला येतो. ज्या वस्तूचे अनेक धनी, तिची जोपासना कोणीच करीत नाही. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे : नायक एक, तर त्याचा मालकही एकच असावा, आणि ज्याच्याकडे पुस्तक त्याच्याकडेच पडदा.

भाची : तुम्ही वाटणीला दोष देता आहात, पण दोष संदिग्ध लिखाणाचा होता. कोणाला काय दिले, किती वर्षे दिले, कोणत्या माध्यमापुरते दिले, आणि कंपनी बुडाली तर ते कोणाकडे परत जाईल, हे धडपणे कोणी लिहिलेच नव्हते. तेच हक्क २०१५ च्या फेब्रुवारीत सोनी आणि मार्व्हल यांनी नीट लिहून वाटून घेतले, तेव्हा काय झाले पाहा. सोनीची मालकी सोनीकडे राहिली, चित्रपट घडविण्याचे काम मार्व्हलच्या कारागिरांकडे गेले, आणि पुढच्याच वर्षी स्पायडरमॅन कॅप्टन अमेरिकेच्या चित्रपटात इतर नायकांच्या बरोबर उभा राहिला. पन्नास वर्षे कागदावर जे मुलांनी वाचले ते पडद्यावर दिसायला दोन प्रतिस्पर्धी पेढ्यांना एका मेजाशी बसावे लागले. वाटणी नसती तर हा मेळ कधी झाला असता?

मामा : झाला, आणि २०१९ च्या ऑगस्टात मोडलाही. चित्रपट जगभर गर्दी खेचत असताना, नफ्यातला हिस्सा किती यावर बोलणी फिसकटली आणि नायकाला एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवावे लागेल अशी वेळ आली.

भाची : सप्टेंबरात पुन्हा समेट झाला की! दोघांचेही नुकसान होत होते म्हणूनच झाला. सामाईकीत हाच गुण असतो, मामा. कोणा एकाला हट्टाने उठून जाता येत नाही.

येथपर्यंत मला भाचीचे बोलणे पटत होते, आणि मामांच्या युक्तिवादात जमिनीच्या कज्ज्यांचा कटू अनुभव अधिक आणि कलाविचार कमी आहे असे वाटत होते. परंतु मामांनी पुढे जे उदाहरण काढले ते ह्याच मीरा रोडच्या मातीतले असल्यामुळे ते ऐकून घेणे भाग होते. १८७० साली सरकारने घोडबंदर, मीरा आणि भाईंदर या गावांच्या जमिनींसंबंधी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांचा पट्टा करून दिला. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून जमिनी राखण्याचे काम त्यांच्याकडे, आणि त्याबद्दल कसणाऱ्यांच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा घेण्याचा अधिकार. जमीन कसणारा एक, तिच्या पिकावर हक्क सांगणारा दुसरा, आणि दोघांच्या वर सरकार. पुढे हा पट्टा एका कंपनीकडे गेला. भाताची शेते जाऊन तेथे इमारती उठल्या, तरी त्या जुन्या कागदावरचे वाद महसूल खात्यात आणि न्यायालयांत चालतच राहिले, कारण पीक नाहीसे झाले म्हणून पिकावरचा दावा कागदावरून नाहीसा होत नाही.

मामा : ज्यांनी तो पट्टा लिहिला त्यांच्या स्वप्नातही मीरा रोडचे स्थानक नव्हते. नऊशे नव्व्याण्णव वर्षे! माणसाची आयुर्मर्यादा ठाऊक असलेल्या माणसांनी असा आकडा कागदावर घालावा! आणि तुझ्या त्या चित्रपटवाल्यांचे करार काय निराळे असतात? सांग पाहू, कायम म्हणून लिहिता की नाही?

भाची काही क्षण गप्प राहिली आणि मग तिने आपल्या लॅपटॉपवर एक मसुदा उघडून आम्हांला दाखविला. संस्थेचे आणि लेखकाचे नाव तिने हाताने झाकले होते, व्यवसायाची मर्यादा तिने सोडली नाही. परंतु त्यातले एक कलम मात्र तिने मोठ्याने वाचले. लेखक आपल्या कथेचे आणि तीतील सर्व पात्रांचे सर्व हक्क, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी आणि कोणत्याही परिस्थितीत परत न मागण्याच्या अटीवर देत आहे, असा त्या कलमाचा आशय होता. मोबदल्याचा आकडा त्याच पानावर खाली होता. तो पाहून मामांनी चष्मा काढून ठेवला.

मामा : विश्वात? चंद्रावरसुद्धा?

भाची : हे अमेरिकेतून आलेले ठरीव लिखाण आहे, मामा, आणि आमच्याकडे ते जसेच्या तसे उतरवून घेतात. मी त्याचे समर्थन करीत नाही. पण तुमचा जमिनीचा दाखला येथे पुरा लागू पडत नाही, तेवढे माझे ऐका. एका वावरात दोघांना एकाच वेळी नांगर धरता येत नाही. पात्राचे तसे नाही. ते एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी संपत नाही. फॉक्सकडे एक्समेन होते आणि मार्व्हलकडे ॲव्हेंजर्स होते, तेव्हा क्विकसिल्व्हर नावाचा एकच वीर २०१४ साली एकाच्या चित्रपटात आणि २०१५ साली दुसऱ्याच्या चित्रपटात, दोन निराळ्या नटांनी उभा केला. दोन्ही पाहिले लोकांनी.

मामा : आणि एकात त्याच्या जन्मजात शक्तीचे कुळ सांगायचे नाही, दुसऱ्यात त्याच्या सोबत्यांचे नाव घ्यायचे नाही, कारण ते कुळ एका कंपनीचे आणि ते सोबती दुसऱ्या कंपनीचे! वाटणीपत्रात भांडी वाटतात हे मी पाहिले होते. माणसाचे गोत्र एका भावाला आणि मित्र दुसऱ्या भावाला, ही वाटणी मला नवीन आहे. आणि पात्र संपत नाही म्हणतेस, ते झिजते तरी! २००२ साली एक स्पायडरमॅन, २०१२ साली दुसरा, २०१६ साली तिसरा. चौदा वर्षांत तीन नट, आणि प्रत्येकाने नव्याने कोळी चावून घ्यायचा की काय?

भाची : तिसऱ्याला नाही चावला पडद्यावर, तेवढे तरी त्यांनी वाचविले. पण झीज झाली हे मला मान्य आहे आणि तिचे कारणही कागदातच आहे. आधीचा चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून पावणेचार वर्षांच्या आत पुढच्याचे काम सुरू झाले पाहिजे आणि पावणेसहा वर्षांच्या आत तो पडद्यावर आला पाहिजे, नाहीतर हक्क मार्व्हलकडे परत, अशी अट सोनीच्या करारात होती. म्हणून कथा सुचो न सुचो, चित्रपट काढणे भाग. परंतु हीच अट नसती तर हक्क दाबून ठेवून बसायला कोणाला काय अडचण होती? मुदत हा लेखकाचाही कैवारी आहे.

हे वाक्य भाचीच्या तोंडून निघाले तेव्हा मला ते फार मोलाचे वाटले, कारण बोलता बोलता ती आपल्याही नकळत मामांच्या बाजूला एक पाऊल आली होती. तथापि तिचा सर्वांत बळकट मुद्दा ह्यानंतर आला, आणि जे वाचक एकाच मालकाच्या बाजूने विचार करतात त्यांनी तो दृष्टीआड करू नये.

भाची : समजा, तुमच्या मनासारखे एकच मालक झाले. २०१९ च्या मार्चमध्ये डिस्नेने फॉक्सचा कारभार एकाहत्तर अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला घेतला. मार्व्हल २००९ पासून त्यांचेच होते. आता एक्समेन आणि ॲव्हेंजर्स एका छपराखाली आहेत, भांडण मिटले. पण भांडणाबरोबर दुसरा स्वरही मिटला. सोनीकडे स्पायडरमॅन निराळा होता म्हणूनच २०१८ साली त्यांनी रेखाचित्रांची, छापील ठिपक्यांची आठवण देणारी ती ॲनिमेशनची फिल्म काढली आणि तिला ऑस्कर मिळाले. आणि तिच्याच पुढच्या भागात, २०२३ साली, आपला मुंबईचा पवित्र प्रभाकर पडद्यावर आला. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवानगीने चार अंकांत काढलेला तो धोतरातला स्पायडरमॅन एका मोठ्या मालकाच्या फडताळात धूळ खात पडला असता. हक्क वाटलेले होते म्हणून त्याला दार सापडले.

मामा : मुंबईचा मुलगा खरा, पण त्याची मिळकत सगळी अमेरिकेत. ते असो. मला एवढेच सांग, या सगळ्या सोनी, फॉक्स, डिस्नेच्या तहनाम्यांत ज्यांनी तो मुळात काढला त्या माणसांचे काय? तू सांगितलेल्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या वाक्यात आले आणि मग थेट नाहीसे झाले.

याला भाचीपाशी उत्तर नव्हते, आणि कोणापाशीच ते समाधानकारक नाही. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना लिहून दिले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यांची नावेही अंकांवरून गेली, आणि १९७५ साली, सुपरमॅनचा भव्य चित्रपट काढण्याची तयारी चालू असताना, लोकलज्जेच्या दडपणाखाली, त्याची मालकी असलेल्या वॉर्नरने त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन व नावाचा मान परत दिला. साठी उलटलेल्या माणसांना आपल्याच मानसपुत्राच्या कमाईतून पेन्शन मागावे लागावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट चित्रकथांच्या इतिहासात दुसरी नाही असे मला वाटते.

मग बोलणे बहादूरवर आले. मामांकडे इंद्रजालचे काही जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. कागद पिवळा पडून कडा तुटू लागल्या आहेत, परंतु मुखपृष्ठांचा लाल रंग अजून टिकून आहे. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली ही मालिका सुरू केली ती वेताळाच्या गोष्टींनी. वेताळ मूळचा अमेरिकेचा, ली फॉक याने निर्मिलेला आणि किंग फीचर्सच्या मालकीचा. त्याच्या छपाईचा परवाना घेऊन आपल्याकडे तो छापला गेला आणि त्याचा बंगाला नावाचा देश आपल्या बंगालशी घोटाळ्यात पडू नये म्हणून डेंकाली करण्यात आला. परक्याच्या मिळकतीवर वहिवाट करताना एवढेच स्वातंत्र्य घेता येते. १९७६ साली मात्र त्याच अंकांत एक देशी नायक आला. त्याचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मेला त्यानेच ह्या मुलाला वाढविले. मोठा झाल्यावर बहादूरने गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारले. त्याला उडता येत नव्हते, त्याच्या अंगी अमानुष शक्ती नव्हती, आणि म्हणूनच तो आम्हांला खरा वाटला. कथा सुरतींची, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची, पुढे पुष्कळ कथा जगजित उप्पल यांनी लिहिल्या. १९९० साली मालिका बंद पडली.

मामा : उद्या कोणाला बहादूरवर चित्रपट काढायचा झाला, तर त्याने कोणाच्या दारात जावे? लेखकाच्या, चित्रकाराच्या की छापणाऱ्याच्या?

भाची : आपला कायदा ह्या बाबतीत अमेरिकेहून पुष्कळ दयाळू आहे, मामा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. वर्तमानपत्राच्या नोकरीत राहून जरी लेखकाने काही लिहिले, तरी निराळा करार नसेल तर छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीच्या सर्व बाबतींत पहिला हक्क लेखकाचाच. नोकरीत नसलेल्याचा तर प्रश्नच नाही. केरळात टॉम्स या व्यंगचित्रकाराच्या बोबन आणि मोली या जोडीवरून मलयाळ मनोरमाशी दावा झाला तेव्हा उच्च न्यायालयाने नोकरीत शिरण्याआधीच जन्माला आलेली पात्रे चित्रकाराची ठरविली आणि नोकरी सुटल्यावरही ती रेखाटण्याचा त्याचा हक्क मान्य केला. रेखाटलेले जुने तुकडे एकाचे, आणि पात्रांचा जीव दुसऱ्याचा, अशी ती वाटणी होती. तुम्हांला वाटणी आवडत नाही, पण ह्या वाटणीने न्याय झाला.

मामा : ही वाटणी आवडली. कारण हिच्यात मूळ धन्याचा हिस्सा राखून ठेवलेला आहे.

भाची : आणि घरचेच पाहायचे तर चिंटू घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली सकाळमध्ये सुरू केलेला तो मुलगा पुढे चित्रपटातही आला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी पुस्तकांत, मग दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनच्या रूपाने, आणि २०१७ साली अमेय वाघच्या रूपाने मोठ्या पडद्यावर. माध्यमामाध्यमाला निराळा करार, निराळा निर्माता. त्या चित्रपटात खुद्द भागवतांनाच एक पात्र करून दिलीप प्रभावळकरांनी ते उभे केले, ते मला फार आवडले. फुरसुंगीचा बनेश पुण्यात येतो आणि आपल्या कर्त्याच्या घरी उतरतो.

मामांनाही तो चित्रपट आवडला होता, म्हणून क्षणभर दोघांचे एकमत झाले. परंतु निबंधकाची दृष्टी ती निबंधकाचीच. थोड्या वेळाने ते म्हणाले, आणि या संवादातला सर्वांत नवा विचार मला येथेच आढळला :

मामा : सोनीच्या करारातली ती पावणेसहा वर्षांची अट तुला कशी कळली? तू काही तो दस्त पाहिला नसशील.

भाची : २०१४ साली सोनीच्या संगणकांवर दरोडा पडला, त्यातून कागद बाहेर आले आणि जगाला कळली. एरवी असे करार गुप्तच असतात.

मामा : हेच म्हणतो मी! घोडबंदरच्या कोणत्याही शेतकऱ्याला तलाठ्याकडे जाऊन सातबारा मागता येतो. सात नंबरात मालकाचे नाव, इतर हक्कांत कूळ, बोजा, वहिवाट. बारा नंबरात कोणत्या साली काय पीक काढले ते. कोणी विकले, कोणी घेतले, फेरफार कधी झाला, सगळे उघड. आणि लाखो मुले ज्याच्यावर प्रेम करतात त्या नायकाची मालकी कोणाकडे आहे हे कळायला चोरी व्हावी लागते! सरकारने नायकांचेही असे दप्तर ठेवावे. वर कर्त्याचे नाव, ते कधीही न खोडता येणारे. खाली इतर हक्कांत पडदा कोणाकडे, मालिका कोणाकडे, खेळणी कोणाकडे, आणि किती मुदतीने. मग खुशाल वाटा.

भाची : कॉपीराइटचे दप्तर दिल्लीला आहे, मामा, पण नोंदणी ऐच्छिक आहे, नोंद केली नाही म्हणून हक्क जात नाही, आणि हस्तांतरणाची नोंद तर फारसे कोणी करीत नाही. सक्तीची केली तर गरीब लेखकालाच हेलपाटे पडतील, दलाल उभे राहतील. शिवाय व्यापारी संस्था आपल्या किमती चव्हाट्यावर मांडायला कबूल होणार नाहीत.

मामा : किंमत नको मांडू. मुदत मांड, माध्यम मांड, नाव मांड. आणि सक्ती लेखकावर नको, हक्क घेणाऱ्यावर कर. ज्याला पडद्यावर चित्रपट काढायचा आहे त्याला निबंधकापर्यंतचे हेलपाटे परवडतात.

भाचीने यावर वाद घातला नाही. तिने आणखी एक तपशील दिला, जो मामांना ठाऊक नव्हता. २०१२ साली, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या आणि संगीताच्या कर्त्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून होणाऱ्या इतर वापराच्या मानधनात समान वाटा दिला. आणि हा वाटा कर्त्याने स्वतःच्या सहीने जरी सोडून दिला, तरी वारस किंवा कर्त्यांची मान्यताप्राप्त संस्था यांच्याखेरीज इतर कोणाच्या नावे केलेली ती सही कायदा मानीत नाही. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर ते हस्तांतरणात मोडत नाही, हेही त्याच दुरुस्तीत आले. म्हणजे तिने आम्हांला दाखविलेल्या मसुद्यातील पुढे शोधल्या जाणाऱ्या माध्यमांचे ते ऐसपैस शब्द आपल्या न्यायालयात टिकतीलच असे नाही, तरीही ते रोज लिहिले जातात आणि रोज त्यांच्याखाली सह्या होतात. शिवाय कायद्याच्या ५७ व्या कलमाने, हक्क विकल्यानंतरही कृतीचे विद्रूपीकरण झाले तर हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. मन्नू भंडारींनी आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात १९८६ साली तो गाजविला होता.

माझे मत विचाराल तर वाटणीच्या प्रश्नावर मी भाचीच्या बाजूचा आहे. नायकाचे हक्क दोन-चार संस्थांनी वाटून घेतले तर वाचकाचे वा प्रेक्षकाचे त्यात नुकसान नाही, पुष्कळदा लाभच आहे. एकट्या मालकाच्या तिजोरीत बंद झालेला नायक हा अनेकांच्या ओढाताणीत सापडलेल्या नायकापेक्षा अधिक दुर्दैवी. परंतु वाटणी कोणाकोणांत करायची याचा हिशेब मांडताना पहिला हिस्सा कर्त्याचा धरला पाहिजे, आणि तो त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन विकत घेता येऊ नये, या मामांच्या आग्रहाला माझा संपूर्ण पाठिंबा आहे. त्यांची सातबाऱ्याची सूचना सरकारदरबारी कोणी मनावर घेईल तेव्हा घेईल. तोपर्यंत मीरा रोड-भाईंदरच्या शांती पार्कात, नया नगरात, पूनम सागरात भाड्याच्या खोल्यांतून राहून पहाटेच्या गाडीने अंधेरी-गोरेगावला कथा घेऊन जाणारे जे तरुण लेखक आणि चित्रकार आहेत, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की सहीसाठी कागद पुढे आला तर तो घरी आणा, एक दिवस ठेवा आणि कोणा जाणत्याकडून वाचून घ्या. हस्तांतरण लेखी असलेच पाहिजे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत धरतो, आणि निराळे ठरलेले नसेल तर घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही म्हणजे तो तुमच्याकडे परत येतो. तेव्हा मसुद्यातील 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द आधी खोडा, आणि मगच सही करा.